लाकूड खरादाच्या हत्यारांसाठी बेंच ग्राइंडर: ६ इंची घेऊ की ८ इंची?

चिंचेचं_खोड | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वर्षभर वाचनमात्र होतो, आज घोडं अडलं म्हणून धागा काढतोय.

नाशिकला इंदिरानगरात राहतो, नोकरी बँकेत. पार्किंगच्या मागे एक अडगळीची खोली मिळाली, तिथे गेल्या दिवाळीत छोटा लाकडाचा लेथ बसवला. लाटणी झाली, भोवरे झाले, आता वाडग्यांच्या नादी लागलोय. हत्यारं सहा: रफिंग गाउज, स्पिंडल गाउज, बाउल गाउज (गाउज म्हणजे पन्हळीसारखं गोल हत्यार), पार्टिंग, स्क्रेपर आणि स्क्यू (तिरप्या धारेची सपाट पटाशी). पाच एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) आहेत. स्क्यू तेवढा लोहाराकडून कमानपाट्याचा करून घेतलाय.

आजवर धार सहाणेवरच लावत आलो. स्क्यू जमतो. गोल हत्यारांची मात्र पार वाट लावतो, बाउल गाउजला एका अंगाला तीन पैलू पडलेत आणि दुसऱ्या अंगाला पोट सुटलंय. मागच्या महिन्यात कंटाळून स्क्यू एका धारवाल्याला दिला. अर्ध्या मिनिटात परत! टोकाला छान मोरपिशी रंग. मी म्हटलं, वा, पॉलिशही करून दिलं. बाभळीचं एक लाटणं पुरं व्हायच्या आत धार गेली.

तर ग्राइंडर घ्यायचाच आहे. व्हिडिओंमध्ये सगळे ठासून सांगतात की ८ इंची आणि 'स्लो स्पीड'च घ्या, नाहीतर हत्यार जळेल. इथे दुकानात सहज मिळतो तो ६ इंची, अर्धा एचपी, २८५० आरपीएम. स्लो स्पीड म्हटलं की दुकानदार माझ्याकडे असं बघतो की जणू मी उपासाची मिसळ मागितली. अंबडला एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधला ८ इंची जुना ग्राइंडर विकायला आहे, पण तो थ्री फेज. काय करू?

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

शूर्पणखेचं नाक जिथे एका झटक्यात उतरलं त्या गावात माणसाला धारेचा प्रश्न पडावा! लक्ष्मणाकडे कुठला ग्राइंडर होता ते आधी शोधा.

(वाचतोय. मलाही हवाय.)

सातपूरचा_फिटर | रविवार, सकाळी ७:०५

खोडसाहेब, व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत, पण ते अमेरिकेत बसून बोलतात. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. साधी इंडक्शन मोटर विजेच्या हर्ट्झवर आणि पोलवर पळते. दोन पोलची मोटर तिकडे ३४५० आरपीएमला जाते, आपल्याकडे २८५० च्या आसपास. चार पोलची तिकडे १७२५, आपल्याकडे १४४०. म्हणजे आपला 'फास्ट' मुळातच त्यांच्यापेक्षा १७ टक्के हळू.

दुसरी गोष्ट, हत्याराला आरपीएम कळत नाही. त्याला कळतो तो दगडाच्या कडेचा वेग. व्यास गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम, बास. करून बघा:

अमेरिकन ८ इंची फास्ट: मिनिटाला सुमारे २१७० मीटर
अमेरिकन ८ इंची स्लो: सुमारे १०८०
आपला ८ इंची, २८५०: सुमारे १७९०
आपला ६ इंची, २८५०: सुमारे १३४०
आपला ८ इंची, १४४०: सुमारे ९०५

आता सांगा, दुकानातला तो ६ इंची कोणाच्या जवळ बसतो? त्यांच्या स्लोच्या. त्यांचा फास्ट बघून तुम्ही आपल्या ६ इंचीला घाबरताय. खरा तापट गडी म्हणजे आपला ८ इंची २८५० वाला. तो नवशिक्याने घेऊ नये असं माझं मत.

स्क्यूबद्दल: तो मोरपिशी रंग म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. कमानपाटा साध्या कार्बनच्या घराण्यातला. घासलेल्या जागी आधी गवती पिवळा, मग तांबूस, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग येतो. निळा झालेला भाग धारेच्या कामाचा राहत नाही. निळं संपेपर्यंत हळूहळू घासून काढा, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत. एचएसएसचं तसं नाही. त्याचं टेंपरिंगच (कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट करणं) साडेपाचशे अंशांच्या घरात झालेलं असतं, टोक जरा निळं दिसलं म्हणून लगेच मेलं नाही. उलट तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. हवेत गार होऊ द्या.

आजोबांची_खराद | रविवार, सकाळी ९:३०

फिटरभाऊंचा हिशोब पटला. पण एक सांगू का, आमच्या घरी पंचवटीत आजोबा दोरीच्या खरादीवर रवी, लाटणी, पाळण्याचे पाये कातायचे. नातू दोरी ओढायचा, म्हणजे मीच. हत्यारं जुन्या कानशी ठोकून केलेली, धार वाळूच्या दगडावर आणि शेवटी सहाणेवर. कधी अंश मोजले नाहीत. बोटाच्या नखावर धार टेकवायची. घसरली तर बोथट, अडली तर चांगली. सांगायचं इतकंच की कुठलाही ६ इंची आणा, मनगट बसवा. जिग-बिग लावून पोरं मशीनची गुलाम होतात.

(कानशीचं हत्यार मात्र आता कोणी करू नका. नीट टेंपर केलं नाही तर काचेसारखं तुटतं. आजोबांच्या हनुवटीवर व्रण होता तो त्याचाच.)

भुसा_आणि_चहा | रविवार, सकाळी ११:१८

मी इगतपुरीला असते, गेली सहा वर्षं आंबा, शिवण आणि मिळेल त्या ओल्या लाकडाचे वाडगे करते. काका, तुमच्या आजोबांनी दिवसाला बारा तास कातकाम केलं, मनगट बसणारच. बँकेतला माणूस रविवारी तीन तास उभा राहणार. त्याचं मनगट बसेपर्यंत बाउल गाउज पेन्सिलीएवढा उरेल. जिग हवाच.

जिग म्हणजे काही अगडबंब नाही. ग्राइंडरच्या खालून पुढे-मागे सरकणारा चौकोनी पाइप, त्याच्या टोकाला व्ही आकाराची खोबण, आणि गाउज धरणारा एक हात, ज्याचा पाय त्या खोबणीत टेकतो. गाउज डावी-उजवीकडे झुलवला की दोन्ही पंखांना सारखी धार. वनवे कंपनीचा वुल्व्हरिन याच पद्धतीचा. मी माझा घोटीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला. हात मात्र विकत आणलाय, ते जमण्यातलं नव्हतं.

त्यात जीव एकाच मापात आहे: गाउज हातातून किती बाहेर काढायचा. माझं ४५ मिमी. त्यासाठी टेबलाच्या कडेला एक ठोकळा कायमचा ठोकलाय. गाउज त्याला टेकवायचा, स्क्रू आवळायचा. रोज तेच माप, म्हणून रोज तोच कोन. धार लावायला दहा-पंधरा सेकंद पुरतात आणि पोलाद जेमतेम झिजतं.

आणि ८ इंचीच घ्या हो. ६ इंची दगडाने बेव्हलला (धारेमागच्या उताराला) खोल पोकळी पडते, स्क्यू लाकडावर टेकत नाही.

सातपूरचा_फिटर | रविवार, दुपारी १२:०२

जिगबद्दल ताईंशी शंभर टक्के सहमत. पोकळीबद्दल नाही. बेव्हल १२ मिमी लांब धरा. ६ इंची दगडावर मध्यभागी पोकळी पडेल ०.२४ मिमी, ८ इंचीवर ०.१८. फरक ०.०६ मिमी. म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यावरचा एक केस. (माझ्या नाही, माझ्या उरले नाहीत.) तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे?

भुसा_आणि_चहा | रविवार, दुपारी १२:२०

केसाचं मान्य. पण ६ इंची झिजून ५ झाला की? आणि मोठ्या मशीनचं वजन? माझा ८ इंची चालू असताना टेबलावर पाच रुपयांचं नाणं उभं राहतं. दुकानातला ६ इंची टेबलावरून चालत दारापर्यंत येतो.

सातपूरचा_फिटर | रविवार, दुपारी १:४५

चालत येतो कारण बुश. हे नीट सांगतो, कारण निम्मे लोक इथेच मशीनला शिव्या घालतात.

६ इंची ग्राइंडरचा शाफ्ट बहुतेक वेळा १२.७ मिमी. बाजारातल्या दगडाचं भोक ३१.७५. मधली जागा भरायला प्लास्टिकचा बुश देतात, एकात एक बसणाऱ्या बांगड्या. तो असतो ढिला. दगड मधोमध बसत नाही, त्यात पत्र्याचे दाबून काढलेले फ्लँज (दगडाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या) वाकडे. झाली थरथर सुरू. उपाय: एखाद्या टर्नरकडून नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा बुश मापात कातून घ्या, आपल्या एमआयडीसीत चहा येईपर्यंत होणारं काम. फ्लँजचे तोंडही तिथेच एक हलका कट मारून सरळ करा. दगडाच्या दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर फेकायचे नाहीत, ते शोभेसाठी नसतात. नट बेताने आवळा. डावीकडच्या नटाला उलटे आटे असतात, जोर लावून तोडू नका. मग डायमंड ड्रेसरने दगडाचा तोंडवळा गोल करा. माझा ६ इंची असा केल्यावर नाणं त्यावरही उभं राहतं.

आता दगडाबद्दल, कारण खरं गिऱ्हाईक इथे फसतं. मशीनबरोबर येतो तो करडा दगड, ३६ नाहीतर ६० ग्रिटचा (आकडा मोठा तितके कण बारीक), कडक बांधणीचा. तो वेल्डिंगचे गड्डे घासायला. हत्यारांना पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड लागतो. लेबलवर कंपनीप्रमाणे एए किंवा डब्ल्यूए, मग ग्रिटचा आकडा, मग एक अक्षर. ते अक्षर बघा. ए पासून झेड पर्यंत मऊ ते कडक. तुम्हाला जे किंवा के हवं, ६० किंवा ८० ग्रिट.

लोकांना वाटतं पोलाद कडक म्हणून दगडही कडक हवा. उलट आहे. मऊ दगडाचे बोथट झालेले कण गळून पडतात आणि खालून ताजे, धारदार कण वर येतात, म्हणून तो थंड कापतो. कडक दगड बोथट कण सोडत नाही, चकाकायला लागतो आणि कापायच्या ऐवजी नुसता घासतो. तुमचा स्क्यू निळा झाला तो आरपीएममुळे नव्हे, अशाच एखाद्या चकाकलेल्या दगडामुळे, माझी पैज.

हिरवा दगड दिसला तर घेऊ नका. तो सिलिकॉन कार्बाइड, कार्बाइडच्या टूलसाठी.

गोदाकाठ | रविवार, दुपारी २:३०

अवांतर: दगड कुठला बरा? ब्रँड सांगा.

सातपूरचा_फिटर | रविवार, दुपारी ३:१०

ग्राइंडवेल नॉर्टन किंवा कार्बोरंडम युनिव्हर्सल, दोन्ही चांगले. ग्राइंडवेलची सुरुवात आपल्याच उरणजवळच्या मोऱ्याला झाली, १९४१ साली. पण ब्रँडपेक्षा ते अक्षर बघा, परत सांगतो.

निफाडकर_वेलवाला | रविवार, रात्री ८:५५

आमच्याकडे मळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० ला येतं. ग्राइंडर चालू केला की नुसता हुंकार देतो, फिरत नाही. हाताने ढकलावा लागतो. कॅपॅसिटर दोनदा बदलला. शहरवाल्यांना हे दुःख नाही.

सातपूरचा_फिटर | रविवार, रात्री ९:२०

दादा, आधी हाताने ढकलणं बंद करा, तो दगड आहे, झोपाळा नाही. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. २३० च्या जागी १८० आले की जोर राहतो साधारण ६० टक्के. कॅपॅसिटरचा काय दोष? धार सकाळी लावून ठेवा किंवा चांगला स्टॅबिलायझर बघा. आणि कोणी जड पोलादी सीबीएन चाक सुचवलं तर तुमच्या मशीनवर अजिबात नको.

निफाडकर_वेलवाला | रविवार, रात्री ९:३१

सीबीएन म्हणजे काय भाऊ?

भुसा_आणि_चहा | सोमवार, सकाळी ६:५०

क्युबिक बोरॉन नायट्राइड. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बनवलं. ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या चाकावर त्याच्या कणांचा थर चढवतात. हिऱ्याचं चाक पोलादाला चालत नाही, कारण तापल्यावर हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरतो. सीबीएनला ते दुखणं नाही.

माझ्याकडे १८० ग्रिटचं आहे, तिसरं वर्ष. ड्रेसिंग नाही, दगडाची पूड नाही, आणि मुख्य म्हणजे व्यास बदलत नाही, त्यामुळे जिगचं माप एकदा लावलं की लावलं. पण महाग आहे, माझं चाक ग्राइंडरपेक्षा महाग पडलं. आणि त्यावर मऊ लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ काहीही टेकवायचं नाही, कण भरून येतात. घरात कोणी ड्रिल बिट, कुऱ्हाड, खुरपं घेऊन यायची सवय असेल तर चाकाला कुलूप लावा. मी लावलंय.

नव्याने सुरू करणाऱ्याने लगेच घ्यावं असं मी म्हणणार नाही. आधी पांढऱ्या दगडावर हात बसू दे.

आजोबांची_खराद | सोमवार, सकाळी ८:१५

ताई, खुरप्याचं वाचून हसलो. आमच्याकडे शेजारीण अडकित्ता घेऊन यायची.

खोडभाऊ, जिग घ्या बाबा, मी हट्ट सोडला. पण पार्टिंग आणि स्क्रेपर तरी हाताने करा, सपाट रेस्टवर (दगडापुढच्या, हत्यार टेकवायच्या पट्टीवर). आणि कोन जुळलाय का बघायची एक युक्ती सांगतो, हिला कसला जिग लागत नाही. बेव्हलवर मार्करने काळं करा. ग्राइंडर बंद. हत्यार दगडाला टेकवा आणि दगड हाताने इंचभर फिरवा. काळं कुठे खरवडलं बघा. फक्त टाचेला (बेव्हलच्या धारेपासून लांबच्या कडेला) खरवडलं तर मागचा हात वर, फक्त धारेला खरवडलं तर खाली. टाचेपासून धारेपर्यंत सरळ पट्टा निघाला की मग बटण दाबा. घासताना ठिणग्या धारेच्या वरून उडायला लागल्या की थांबायचं. त्यापुढचं सगळं वाया.

चिंचेचं_खोड | बुधवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. अंबडचा ग्राइंडर बघून आलो, मित्राला घेऊन. १ एचपी, १४४०, टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं. फिटरकाकांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं की सहा टोकं असतील तर डेल्टा जोडून सिंगल फेजवरच्या छोट्या व्हीएफडीने (घरच्या विजेपासून थ्री फेज करून देणाऱ्या डब्याने) घरीही चालेल, म्हणून आशेने गेलो. दगड काढायला लावला. शाफ्टशेजारी लाकडाची काडी धरली आणि हाताने शाफ्ट फिरवला. अर्ध्या फेऱ्यात काडीला टेकतो, अर्ध्यात फट. मालक म्हणाला, "दगड लावला की कळत नाही." परत आलो.

तर ६ इंची, अर्धा एचपी, २८५० बुक केला. एका बाजूला पांढरा ६० के.

सातपूरचा_फिटर | गुरुवार, सकाळी ७:१०

काडीने पकडलात! शाबास. वाकलेला शाफ्ट म्हणजे फुकटही नको.

दगड लावण्याआधी वाजवून बघा. भोकातून बोट घालून लोंबता धरायचा, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करायचं, आपण बाजारात माठ पारखतो तसं. खणखणीत वाजला तर लावा. बद्द आवाज आला तर फोडून टाका, परत कोणी वापरता कामा नये. लावल्यावर पहिला एक मिनिट बाजूला उभे राहा, समोर नाही. मी कामाला लागलो त्या वर्षी आमच्या शॉपमध्ये एक दगड फुटला. तुकडा पत्र्याच्या कपाटाचं दार फाडून आत फाइलींत रुतला होता. समोर माणूस नव्हता, चहाला गेला होता.

रेस्ट आणि दगडात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, वरच्या पट्टीला ६. दगड झिजेल तसा रेस्ट पुढे घ्या. दगडाच्या बगलेवर घासायचं नाही. हातमोजे नाहीत, चष्मा हवा.

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ९:००

चहाने जीव वाचवला हे आईला दाखवतो.

चिंचेचं_खोड | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६:२०

धागा वर काढतोय, अहवाल द्यायचाय.

पहिल्या दिवशी ग्राइंडर खरंच टेबलावरून चालला. बुश सातपूरला कातून आणला, फ्लँज सरळ केले, दगड ड्रेस केला. नाणं उभं राहत नाही, पण आडवं ठेवलं तर जागचं हलत नाही. मला पुरे. जिगचा पाइप द्वारकेजवळ वेल्ड करून घेतला (जाताना-येताना चौकात गेलेला वेळ धरू नका). ठोकळा ४५ मिमीवर.

बाउल गाउजचे ते तीन पैलू निघायला दोन बैठका लागल्या. घाई केली नाही. मार्करने काळं केलं, टेकवलं, फिरवलं. पहिल्यांदा नुसती टाच उघडी पडली. पाइप चार मिमी बाहेर घेतला. मग मधे. मग एक अखंड रुपेरी पट्टा, या पंखापासून त्या पंखापर्यंत. बटण दाबलं तेव्हा छातीत धडधड होती, खोटं कशाला बोलू. त्या धारेने आंब्याच्या ओल्या ठोकळ्यावर पहिला कट घेतला तर रिबिनीसारखी लांबच लांब साल निघाली आणि थेट माझ्या चहात पडली.

साग मात्र धार खातो. दहा मिनिटांत परत ग्राइंडर.

भुसा_आणि_चहा | रविवार, सायंकाळी ७:०२

सागात सिलिका असते, तो खाणारच. अभिनंदन! फोटो टाका. (पुढच्या वर्षी ८ इंचीच्या धाग्यावर भेटू.)

चिंचेचं_खोड | रविवार, सायंकाळी ७:१५

एक शंका राहिली. दुसऱ्या बाजूला तो करडा दगड तसाच आहे. आई विचारतेय की त्यावर तिची विळी चालेल का?

सातपूरचा_फिटर | रविवार, सायंकाळी ७:२२

नाही. विळी सहाणेवर. पाणी घालून. नाहीतर तीही मोरपिशी व्हायची.